वॉलआयसाठी व्हर्टिकल जिगिंगचा रॉड बांधताय? ब्लँक निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च सरत आला आणि बर्फ गेला, की ईरी सरोवरातले वॉलआय मासे अंडी घालायला अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या डेट्रॉइट नदीत चढू लागतात. पाणी साधारण ६ ते १० अंश सेल्सिअसवर आलं की त्यांची वीण होते. एप्रिलभर ट्रेंटन चॅनलपासून बेल आइलपर्यंत नदीत होड्याच होड्या दिसतात. या भागात राहणाऱ्या, गळाचा नाद असलेल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "कुठला रॉड घेऊ?" दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तोच प्रश्न "कुठला ब्लँक घेऊ?" असा होतो, कारण तोवर रॉड स्वतः बांधायची इच्छा झालेली असते. ब्लँक म्हणजे ग्रॅफाइटच्या तंतूंचं कापड गुंडाळून केलेली नुसती काठी, जिच्यावर मूठ आणि लाइनच्या कड्या बसवून रॉड बांधतात. पुढची उत्तरं त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहेत. रॉड बांधायचा तर हिवाळ्यातच बांधून ठेवावा, एप्रिलमध्ये वेळ मिळत नाही.

व्हर्टिकल जिगिंगमध्ये नेमकं काय करतात?

होडी प्रवाहाबरोबर वाहू द्यायची आणि पुढच्या ट्रोलिंग मोटरने (छोट्या विजेच्या मोटरने) तिला असं सांभाळायचं की लाइन पाण्यात उभी राहील. शिशाचं डोकं असलेला गळ, म्हणजे जिग, तळापर्यंत सोडायचा. त्याला एमराल्ड शायनरसारखा छोटा मासा किंवा प्लॅस्टिकचा मासा लावलेला असतो. जिग तळाला टेकला की सहा-आठ इंच उचलायचा आणि ताण न सोडता परत खाली न्यायचा. पुन्हा टेकवायचा, पुन्हा उचलायचा. वॉलआय बहुतेक वेळा जिग खाली जाताना घेतो. तो चावत नाही, तोंड आणि कल्ले एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो. हाताला कधी बारीक टिचकी जाणवते, कधी नुसतं वजन वाढल्यासारखं वाटतं, कधी काहीच जाणवत नाही. ब्लँकची निवड या "काहीच जाणवत नाही"साठी करायची असते.

तयार रॉड मिळत असताना बांधायचा कशाला?

तयार रॉड वाईट नसतात. वॉलआयसाठी म्हणून विकले जाणारे काही फारच चांगले आहेत. पण कारखान्याला एकाच रॉडमध्ये बरीच कामं बसवावी लागतात. थोडं फेकता यावं, थोडं ट्रोल करता यावं (चालत्या होडीमागे आमिष ओढता यावं), जिगही चालावा. नदीत उभं जिगिंग करताना फेकण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे लांब मूठ नको, मोठ्या गाइड (लाइन ओवायच्या कड्या) नकोत, शेंड्यावरचं प्रत्येक ग्रॅम वाचवता येतं. शिवाय तुमच्या नदीला आणि तुमच्या नेहमीच्या जिगला साजेसा शेंडा निवडता येतो. पैसे वाचतील म्हणून मात्र बांधू नका. पहिल्या रॉडला साहित्य, इपॉक्सी, दोरा आणि इपॉक्सी सुकेपर्यंत रॉड फिरवत ठेवायची मोटर धरून खर्च तयार रॉडइतका किंवा त्याहून जास्त होतो.

ब्लँक निवडायला सुरुवात कुठून करायची?

शिशापासून. ब्रँड, मॉड्युलस (तंतूचा ताठपणा), रंग, लांबी हे सगळं त्यानंतर. तुम्ही वर्षातला बहुतेक वेळ किती वजनाचा जिग वापरणार आहात हे आधी ठरवा आणि तेवढ्या वजनाने ज्याचा शेंडा किंचित वाकून राहील असा ब्लँक शोधा. माझा सगळा आग्रह एवढ्याच गोष्टीसाठी आहे, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

जिग खाली सोडताना त्याच्या वजनाने शेंडा थोडा झुकलेला असतो. तळ लागला की वजन जातं आणि शेंडा सरळ होतो. दहा-वीस वेळा टेकवल्यावर तुमच्या हाताला आणि डोळ्याला अंदाज येतो की शेंडा कितव्या क्षणी सरळ व्हायला हवा. मग एकदा तो जरा आधीच सरळ होतो. जिग तळाला पोहोचलाच नाही, मध्येच कुणीतरी त्याचं वजन पेललं. तो मासा असतो. हाताला टिचकी लागलेली नसते, लाइन हललेली नसते, फक्त शेंडा वेळेआधी मोकळा झालेला असतो.

आता ताठ ब्लँकला पाव औंसाचा जिग लावून पाहा. शेंडा मुळात वाकलेलाच नसतो, तर सरळ कुठून होणार? खबर मिळण्याची वाटच बंद झाली. उलट मऊ ब्लँकला पाऊण औंस लावला तर शेंडा वजनानेच दमून जातो. तुम्ही मूठ आठ इंच उचलता आणि जिग चारच इंच उठतो. तळ लागलेला धड कळत नाही आणि मासा लागल्यावर झटका द्यायला काठीत जोर उरलेला नसतो. दोन्ही ब्लँक उत्तम असू शकतात, पण त्या जिगसाठी चुकीचे.

माझ्या नदीत किती वजन लागेल हे कसं ठरवू?

खोली आणि प्रवाह या दोन गोष्टींवरून. होडी प्रवाहाबरोबर वाहत असेल तर इतकं वजन का लागावं, असा प्रश्न पडतो. कारण असं की वरचं पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं. होडी वरच्या पाण्याच्या वेगाने जाते, जिग खालच्या संथ पाण्यात मागे राहतो आणि लाइन तिरकी होते. वारा लागला तर ती आणखी तिरपते. खोली जितकी जास्त तितकी लाइन जास्त आणि तिच्यावर पाण्याची ओढही जास्त.

डेट्रॉइट नदी सेंट क्लेअर सरोवराचं पाणी ईरी सरोवरात नेते आणि तिला चांगलाच जोर आहे. तिथे १५ ते ३० फुटांत अर्धा, ५/८ आणि पाऊण औंसाचे जिग रोजच्या वापरातले. वारा असेल तर एक औंसही लागतो. मिसिसिपीवर रेड विंगजवळ, तिसऱ्या क्रमांकाच्या लॉक-बंधाऱ्याखालच्या पूल ४ या नदीच्या टप्प्यात गोष्ट वेगळी. तिथे प्रवाह मंद असेल तेव्हा पाव आणि ३/८ औंसावर काम भागतं, कधी त्याहूनही हलक्यावर. वॉलआयचा लहान भाऊबंद सॉगरही तिथे भरपूर मिळतो.

ग्रॅममध्ये विचार करणाऱ्यांसाठी: पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, ३/८ म्हणजे साडेदहा, अर्धा म्हणजे १४, ५/८ म्हणजे पावणेअठरा, पाऊण म्हणजे २१. पाण्यात शिशाचं वजन सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरतं, पण प्रवाहाची ओढ ते भरून काढते. म्हणून पुढे सांगितलेल्या घरच्या परीक्षेत कोरडं वजन धरलं तरी चालतं.

पॉवर आणि ॲक्शन यांत माझा गोंधळ होतो.

पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. लाइट, मीडियम-लाइट, मीडियम या पायऱ्या त्याच्या. ॲक्शन म्हणजे ती कुठे वाकते. एक्स्ट्रा-फास्ट फक्त शेंड्याकडे वाकते, फास्ट वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, मॉडरेट जवळजवळ निम्म्यापर्यंत. दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत. काठी पॉवरने हलकी आणि ॲक्शनने एक्स्ट्रा-फास्ट असू शकते.

या शिक्क्यांना कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचं मीडियम-लाइट दुसरीच्या मीडियमइतकं भरतं. म्हणून शिक्क्यापेक्षा ब्लँकवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाचा. तीही कंपनीचा अंदाजच असतो, पण निदान आकड्यात असतो.

मग मीडियम-लाइट घेऊ की मीडियम?

वजनाच्या मर्यादेकडे पाहून ठरवा. तुमचा नेहमीचा जिग त्या मर्यादेच्या वरच्या तिसऱ्या भागात पडायला हवा. ती मर्यादा फेकण्यासाठी लिहिलेली असते. उभ्या जिगिंगमध्ये फेकण्याचा ताण नसल्यामुळे वरच्या टोकाजवळ वापरण्यात धोका नाही, आणि शेंडा भारलेला राहतो तो तिथेच.

डेट्रॉइट नदीसाठी, म्हणजे ५/८ औंस हा मुख्य जिग धरला तर, पाव ते पाऊण औंस मर्यादेचा मीडियम. पूल ४ साठी १/८ ते अर्धा औंस मर्यादेचा मीडियम-लाइट. दोन्हीकडे जाणाऱ्याने दोन रॉड बांधावेत असं माझं स्पष्ट मत आहे. मधला एक ब्लँक घेऊन दोन्हीकडे भागवणारे भेटतात आणि त्यांना मासे मिळतातही. पण पाव औंसावर त्यांचे किती घास कळण्याआधीच सुटून जातात ते त्यांना दिसत नाही.

माशाच्या आकाराची मात्र काळजी नको. एप्रिलमध्ये दोन-तीन पौंडांचे नर जास्त, आणि मधूनच आठ-दहा पौंडांची गाभोळीने भरलेली मादी. चांगला मीडियम-लाइट ब्लँक आणि नीट लावलेला ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक) तिलाही पुरतो.

एक्स्ट्रा-फास्टच घ्यावा का?

बहुतेकांनी हो. घास लवकर कळतो आणि शेंड्याखालची काठी लगेच ताठ होत असल्यामुळे झटका थेट पोहोचतो. पण ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन जवळजवळ ताणलीच जात नाही. वर काठी एक्स्ट्रा-फास्ट असली की होडीपाशी माशाने मान झटकल्यावर तो धक्का शोषून घ्यायला काही उरत नाही आणि गळ निसटतो. ज्यांना हे वारंवार होतं, किंवा ज्यांचा झटका स्वभावतःच जोरकस आहे, त्यांनी फास्ट घ्यावा. संवेदना किंचित कमी होते, पण लागलेला मासा होडीत येतो. ब्लेड बेट नावाचे धातूचे थरथरणारे पाते वापरणाऱ्यांनाही मी फास्टच सुचवतो. त्याला जोरात उचलावं लागतं आणि फारच ताठ काठीने ती थरथर तुटक होते.

लांबी किती?

पावणेसहा ते साडेसहा फूट. माझी पसंती सहा फूट ते सहा फूट तीन इंच. खुर्चीवर बसून, कोपर पोटाशी ठेवून, शेंडा पाण्यापासून फूटभर वर राहील अशी काठी हवी. शेंडा पाण्याजवळ असला की वाऱ्याने लाइनला झोळ पडत नाही. काठी लांब असली की शेंडा होडीच्या कडेपासून दूर राहतो आणि दोघे-तिघे असताना लाइनी एकमेकींत अडकत नाहीत, पण मुठीपुढचं वजन वाढतं. उंच कठड्याच्या होडीत उभं राहून मासेमारी करणाऱ्याने सहा फूट सहा इंचांकडे जावं.

हव्या त्या लांबीचा ब्लँक मिळत नाही. कापला तर चालेल का?

बुडाकडून कापा, शेंड्याकडून नको. बुडाकडून तीन-चार इंच काढले तर शेंड्याचा स्वभाव जसाच्या तसा राहतो आणि काठी हातात हलकी वाटते. साडेसहा फुटी मीडियम-लाइट एक्स्ट्रा-फास्ट ब्लँक बुडातून कापून सव्वासहा फूट करणं ही जिगिंग रॉड बांधणाऱ्यांची नेहमीची रीत आहे. शेंड्याकडून कापलं तर ज्या नाजूक भागासाठी पैसे मोजले तोच जातो, काठी ताठ होते आणि ॲक्शन मंदावते. ताठ ब्लँकच हवा असेल तर तसाच विकत घ्या.

कापताना ब्लँकभोवती चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची आणि बारीक दातांच्या पात्याने किंवा कापणाऱ्या चकतीने गोल फिरवत कापायचं. कात्रीने किंवा पकडीने मुळीच नाही, तंतू उभे चिरतात. ग्रॅफाइटची धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून मास्क लावा.

आयएम६, आयएम८, हाय मॉड्युलस... जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला?

नाही. मॉड्युलस म्हणजे ताण दिल्यावर तंतू किती ताठ राहतो त्याचं माप. तंतू ताठ असला की तीच पॉवर मिळवायला कापड कमी लागतं आणि ब्लँक हलका होतो. हलका ब्लँक कंपन लवकर आणि स्वच्छ पोहोचवतो, हे खरं. पण भिंतही पातळ होते. होडीच्या कडेवर आपटला, जिगचं शिसं लागलं, की तिथे न दिसणारी इजा होते आणि काठी पुढच्या माशाला तुटते. एप्रिलच्या थंडीत, जाड हातमोज्यांनी, हलत्या होडीत हे सहज होतं.

आयएम६ वगैरे नावं मुळात एका तंतू उत्पादकाच्या मालाची, त्यांची कुठली सरकारी प्रतवारी नाही. त्यामुळे दोन कंपन्यांच्या "आयएम८"ची तुलना करण्यात अर्थ नसतो. शिवाय तंतूइतकंच महत्त्व रेझिनला, कापडाच्या कापाला आणि ज्या निमुळत्या सळईवर ते गुंडाळतात तिच्या आकाराला असतं. ॲक्शन ठरते ती बव्हंशी त्या सळईने आणि कापडाच्या कापाने. पहिल्या रॉडसाठी मधल्या मॉड्युलसचा ब्लँक घ्या. वाचलेले पैसे शेंड्याकडच्या गाइडवर खर्च करा, तिथे ते जास्त उपयोगी पडतात.

कंपन्यांचे शिक्के जुळत नाहीत, तर दोन ब्लँकची तुलना करायची कशी?

याला एक चांगली, घरी करता येण्यासारखी पद्धत आहे. विल्यम हॅनेमन यांनी ती मांडली आणि "कॉमन सेंट्स" या नावाने ती रॉड बांधणाऱ्यांत रुळली. अमेरिकेतलं १९८३ नंतरचं एक सेंटाचं नाणं बरोबर अडीच ग्रॅमचं असतं, म्हणून ते वजन म्हणून वापरायचं. काठी बुडाकडून आडवी घट्ट बांधायची, शेंड्याला हलकी पिशवी टांगायची आणि शेंडा काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका खाली येईपर्यंत पिशवीत नाणी टाकत राहायची. जितकी नाणी तितकी पॉवर. त्याच स्थितीत शेंड्याच्या टोकाने आडव्या रेषेशी केलेला कोन मोजायचा, तो ॲक्शनचा आकडा. कोन मोठा तर काठी फास्ट.

तुमच्याकडे एखादा आवडता रॉड असेल तर आधी त्याचे हे दोन आकडे काढा. मग नव्या ब्लँकबद्दल विचारताना "मीडियम आहे का?" म्हणण्याऐवजी आकडा विचारता येतो. काही विक्रेते तो देतातही. नाणी नसतील तर स्वयंपाकघरातला काटा आणि तांदूळ पुरेत, वजन अडीच ग्रॅमने भागलं की झालं.

एक मर्यादा लक्षात असू द्या. काठी एक तृतीयांश वाकवणारी ही परीक्षा सगळ्या काठीची पॉवर सांगते, जिगच्या वजनाने शेंडा किती झुकेल ते नाही. त्यासाठी दुसरी, साधी परीक्षा आहे. टिपटॉप, म्हणजे टोकावरची गाइड, तात्पुरता बसवून आणि दोन-तीन गाइड चिकटपट्टीने लावून तुमचा नेहमीचा जिग फूटभर लाइनवर टांगा आणि काठी आडवी धरा. शेवटचे आठ-दहा इंच झुकलेले दिसले आणि टोक इंच-दोन इंच खाली आलं की बरोबर. मग आठ इंच झटकन उचला. वाक वरच्या चतुर्थांशात राहिला आणि एका हेलकाव्यात स्थिरावला तर तो ब्लँक तुमचा. लटपटत राहिला तर शेंडा त्या जिगसाठी मऊ आहे.

वॉलआयचं नाव नसलेला ब्लँक चालेल का?

अगदी. बास माशासाठी विकले जाणारे ड्रॉप-शॉटचे ब्लँक जिगिंगला फार छान बसतात. त्या पद्धतीतही हलकं शिसं, उभी लाइन आणि नाजूक घास असतो, त्यामुळे शेंडा मऊ आणि खालचा भाग ताठ ठेवलेला असतो. फक्त ते बरेचदा पावणेसात फुटांच्या आसपास असतात, म्हणजे बुडाकडून कापणं आलं. पॅनफिशचे, म्हणजे तव्यात मावतील अशा छोट्या माशांसाठीचे, ब्लँक मात्र फार मऊ पडतात.

कुणाचे ब्लँक घ्यावेत आणि किती पैसे लागतील?

साधारण ५० ते २०० डॉलरच्या दरम्यान चांगली निवड आहे. फ्लोरिडातल्या मड होलचे एमएचएक्स आणि वॉशिंग्टन राज्यातल्या बॅटसनचे रेनशॅडो ब्लँक घरी रॉड बांधणाऱ्यांत फार वापरले जातात. गॅरी लूमिस यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली जी. लूमिस कंपनी १९९७ मध्ये शिमानोकडे गेली. लूमिस यांनीच नंतर उभी केलेली नॉर्थ फोर्क कंपोझिट्स, तिचे ब्लँक महाग पण अतिशय हलके. मॉडेलचे क्रमांक बदलत राहतात, म्हणून इथे देत नाही. लांबी, वजनाची मर्यादा, ॲक्शन आणि शेंड्याची जाडी या चार गोष्टी वाचून निवडा. शेंड्याची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत लिहिलेली असते. मीडियम-लाइट एक्स्ट्रा-फास्टमध्ये ती साडेचार ते साडेपाचच्या आसपास दिसते.

एकसंध की दोन तुकड्यांचा?

होडीतल्या कप्प्यात रॉड मावत असेल तर एकसंध. छोट्या गाडीतून जाणाऱ्याने दोन तुकड्यांचा घ्यायला हरकत नाही, हल्लीचे सांधे चांगले असतात.

ब्लँकचा कणा शोधावाच लागतो का?

कापडाची घडी जिथे एकावर एक येते तिथे ब्लँक किंचित ताठ असतो, तो कणा. पूर्वी गाइड त्याच्याच रेषेत बांधण्याचा फार आग्रह असे. स्पिनिंग रॉडला गाइड खाली लोंबत असल्यामुळे काठी तशीही पीळ खात नाही. मी ब्लँक डोळ्यासमोर धरून फिरवतो आणि सर्वांत सरळ दिसणारी रेषा शोधतो. थोडा बाक राहिलाच तर तो वरच्या बाजूला ठेवतो. गाइडच्या वजनाने तो जवळजवळ निघून जातो.

गाइड कशा निवडू?

शेंड्याकडे लहान आणि हलक्या. चांगला ब्लँक जड गाइड लावून बिघडवणं फार सोपं आहे. शेंड्यावर वाढलेल्या वजनाने काठी मंद होते आणि हेलकावते, म्हणजे जे विकत घेतलं तेच गमावलं. १००० ते २५०० आकाराच्या स्पिनिंग रीलसाठी गाइड बनवणाऱ्या फुजी कंपनीच्या केआर मांडणीत १६, ८ आणि साडेपाच अशा उतरत्या आकाराच्या गाइड, आणि पुढे सगळ्या एकसारख्या लहान. सव्वासहा फुटांना सात-आठ गाइड आणि टिपटॉप पुरतात.

लहान म्हणजे किती लहान, यावर मात्र हवामानाचं बंधन आहे. चार मिलिमीटरच्या गाइड कागदावर जास्त हलक्या, पण मार्चच्या सकाळी तापमान शून्याखाली असेल तर दर काही मिनिटांनी बर्फाने बुजतात. शिवाय ब्रेडेड लाइन आणि लीडर (गळाजवळचा वेगळ्या लाइनचा तुकडा) यांची गाठ त्यांतून अडखळत जाते. मी पाच-साडेपाचच्या खाली जात नाही.

जागा ठरवताना पुस्तकातले आकडे सुरुवातीला घ्या, मग लाइन ओवून काठी वाकवा. लाइन ब्लँकच्या वाकाला धरून जायला हवी. दोन गाइडच्या मध्ये ती सरळ कापून जात असेल तर गाइड सरकवा. या कामाला एक संध्याकाळ द्या.

मूठ कशी असावी?

छोटी. रीलसीटच्या (रील बसवायच्या जागेच्या) मागे सात-नऊ इंच पुरे, नाहीतर जाड जॅकेटच्या बाहीत अडकते. बरेच जण एका हाताने मोटर सांभाळतात आणि दुसऱ्या हातात दिवसभर रॉड असतो, म्हणून तोल रीलच्या पायाच्या पुढच्या कडेजवळ यायला हवा. तर्जनी ब्लँकला टेकेल अशी उघडी रीलसीट घ्या. वॉलआयवाल्या जुन्या लोकांत रीलसीट न लावता रील थेट कॉर्कवर टेपने बांधायची रीत आहे, तिला टेनेसी मूठ म्हणतात. ती हलकी असते आणि थंड धातू हाताला लागत नाही. तोल साधेपर्यंत रील पुढे-मागे सरकवता येतं हा तिचा खरा फायदा, आणि पहिल्याच रॉडला ती करून पाहायला काहीच हरकत नाही.

लाइनचा ब्लँकच्या निवडीशी संबंध आहे का?

आहे. आठ-दहा पौंडी ब्रेडेड लाइन आणि दोन-तीन फूट फ्लुरोकार्बन लीडर ही जोडी धरूनच वरची उत्तरं दिली आहेत. लाइन जितकी बारीक तितकी प्रवाहाची ओढ कमी आणि जिग एक पायरी हलका चालतो. तुम्ही मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच तंतूची नायलॉन लाइन, वापरत असाल तर ती स्वतःच ताणली जाते. मग एक्स्ट्रा-फास्टच घ्या.

काही लोक रॉडशिवाय वॉलआय धरतात ते काय?

ते हँडलायनिंग. डेट्रॉइट आणि सेंट क्लेअर नद्यांवरची जुनी, आजही जिवंत असलेली पद्धत. होडीच्या कडेला स्प्रिंग असलेलं रील बसवतात, त्यावर तारेची लाइन, टोकाला पौंड-दीड पौंडाचं शिसं आणि त्याच्या वर लीडरवर आमिषं. होडी हळूहळू प्रवाहाविरुद्ध चालवत तार हातात धरून तळ चाचपत जायचं. बरेच जण हे रात्री करतात, कारण वॉलआयला अंधुक उजेडात उत्तम दिसतं. संधी मिळाली तर एकदा कुणाबरोबर नक्की जा. शिसं तळाला टेकताना आणि सुटताना हाताला काय सांगतं ते तिथे मध्ये काठी न येता कळतं, आणि नंतर ब्लँक हातात घेतल्यावर तुम्ही वेगळ्या गोष्टी तपासू लागता.

हाच रॉड सुट्टीत कोकणात नेला तर?

खाडीतल्या जिताड्यासाठी किंवा तांबोशीसाठी तो नेऊ नका. ते मासे घास घेतल्यावर खडकाकडे किंवा कांदळवनाच्या मुळांकडे धावतात आणि त्यांना तिथेच अडवायला लागणारा जोर या ब्लँकमध्ये नाही. शिवाय सव्वासहा फुटी एकसंध रॉड विमानात नेणं त्रासाचं. तिकडच्यासाठी तीन-चार तुकड्यांचा, पॉवरने जड रॉड वेगळा बांधा.

ब्लँक घरी आल्यावर आधी काय तपासू?

पार्सल उघडल्या उघडल्या, काहीही चिकटवण्याआधी. चिकटवल्यावर विक्रेता परत घेत नाही. उजेडात सगळी लांबी बोटांमधून फिरवा, खळगा किंवा मऊ जागा लागते का पाहा. गुंडाळलेल्या सेलोफेनच्या पट्टीमुळे राहिलेले बारीक वळसे हा दोष नाही, न घासलेल्या ब्लँकवर ते असतातच. शेंडा हलकेच वाकवून कानाशी धरा, करकर आवाज आला तर परत पाठवा. बुडाकडून आत डोकावून भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का बघा. शेंड्याची जाडी मोजून मगच टिपटॉप मागवा. तो बसवायला उष्णतेने वितळणारा गोंदच वापरा, पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी नको, कारण टिपटॉप कधी ना कधी बदलावा लागतो. मग नेहमीचा जिग टांगून वर सांगितलेली परीक्षा करा आणि जिगचं वजन ब्लँकच्या बुडावर पेन्सिलने लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात दुसरा रॉड बांधताना तो आकडा लागेल.